भाताला मीठ घालणारे आबा

तालुक्याच्या कचेरीसमोर गेली कित्येक वर्षे मी अर्ज लिहितो. माझ्या टेबलापाशी येणारा मनुष्य आपली तक्रार तोंडाने सांगतो. म्हादूआबांनी मात्र आपली तक्रार थेट माझ्या तोंडात घालण्याचा प्रयत्न केला. धोतराच्या सोग्यातून त्यांनी मातीचे ढेकूळ काढले, नखभर स्वतःच्या जिभेवर ठेवले, नखभर माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, “भाऊ, आदी चाखा. मग ल्ह्या.”

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी ‘उपरोक्त’ आणि ‘विषयांकित’ हे शब्द योग्य जागी कसे बसवावेत हे मोठमोठे पदवीधर माझ्याकडून समजून घेतात. तथापि, माती खाऊन अर्ज लिहिण्याचा प्रघात माझ्या पाहण्यात नव्हता. मी सौजन्याने नकार दिला. आबांनी माझ्या वाटणीची मातीही चाखली. “खारी हाय,” ते म्हणाले, “करा सुरुवात.”

मला फारसे आश्चर्य वाटले नाही, कारण आबा आमच्याच मळवलीचे, माझ्या आळीतले. विहिरीचे पाणी, बांधावरचा चिखल, शेणखत – त्यांच्या जिभेपासून काहीच सुटलेले नव्हते. गावात नवा रस्ता झाला तेव्हा त्यांनी त्याचाही खडा चाखून “न्हाई टिकायचा” असा निकाल दिला, आणि तो टिकला नाही. त्यात जिभेचे श्रेय किती, याविषयी मी साशंक आहे.

परंतु त्यांची खरी ख्याती वेगळ्याच कारणासाठी होती. त्यांच्या ओट्यावर रंगाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले असत व त्यांत भाताची रोपे असत. या डब्यांना आबा मिठाचे पाणी घालीत. आरंभी चिमूटभर मीठ, पुढे थोडे अधिक. मावळात पावसाने जमीन धुऊन निघते. येथे मिठाचा आणि भाताचा संबंध येतो तो केवळ चुलीवर. त्यामुळे शेजारच्या पारूमावशी येता-जाता विचारीत, “आबा, भाताला मीठ शिजताना घालत्यात. तुमी आदीच घालून ठेवताय व्हय?”

“सवय लावाय लागती, पारू,” आबा म्हणत. “चिमटीनं, चिमटीनं.”

हे त्यांचे सर्व व्याधींवरील औषध होते. कोणाची नवी सून रडली, चिमटीनं. कोणाला चष्मा लागला, चिमटीनं. मी एकदा गुडघा दुखतो म्हणून सांगितले, तर म्हणाले, “दुखन्याला नगं, गुडघ्याला सवय लावा.”

असो. अर्जाचा विषय असा होता. पारूमावशींचे एकुलते एक भातखाचर एका बंगल्याच्या भिंतीखाली आहे. बंगल्याच्या बोअरचे पाणी जड. नळांवर पांढरे थर धरतात म्हणून मालकाने पाणी मऊ करणारे यंत्र बसविले. त्यात मिठाच्या गोण्या रिकाम्या होतात, आणि यंत्र धुतले की ते खारे पाणी पाइपाने सरळ खाचरात. पाऊस पडत होता तोवर निभावले. मध्येच त्याने उघडीप दिली आणि भिंतीलगतच्या भाताचे शेंडे विस्तवाचा चटका बसावा तसे करपले.

मी तीन परिच्छेदांचा भारदस्त अर्ज केला. आबांना तो पसंत पडला नाही.

“ह्यात भाताचं दुखनं कुटं हाय?” त्यांनी विचारले. “ल्ह्या, पान्यात उबं ऱ्हाऊन भात तान्हेनं मरतंय.”

“आबा, पाण्यात उभे असलेले पीक तहानेने कसे मरेल? साहेब हसतील.”

“मीठ पिऊ देत न्हाई त्याला. समोर ताट वाढलंय आन् तोंडाला मुसकं. हसू द्या की.”

ते वाक्य मी ‘उपरोक्त’ लावून घातले. अर्जावर कार्यवाही सुरू असल्याचे मला वेळोवेळी सांगण्यात आले. दरम्यान आबांनी बंगल्याच्या व्यवस्थापकाला फाटकाशी गाठून ते ढेकूळ चाखावयास दिले, आणि दुसऱ्याच दिवशी पाइप वळविण्यात आला. माझ्या अर्जाचा धाक त्यामागे असणारच.

पाइप वळला, पण भिंतीलगतचा कोपरा मेला होता. लावणीचा हंगाम सरत आला होता. कोणाकडे रोप शिल्लक नव्हते. तरीही आबांनी बांध फोडला, ओढ्याचे पाणी खाचरात घेतले, मुरू दिले, नाल्यात सोडले; पुन्हा घेतले, पुन्हा सोडले.

“आबा, शेत धुताय का तांदूळ?” पारूमावशी म्हणाल्या, पण या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. वर्षाचे खाणे त्याच खाचरात होते.

आबांनी पाणी चाखले. “अजून हाय. पर आता सोसंल,” म्हणाले आणि घरी जाऊन डबे आणू लागले. मी छत्री घेऊन बांधावर उभा होतो, कारण अर्जदारास वाऱ्यावर सोडणे माझ्या व्यवसायात बसत नाही. आबा रोपांचा एकेक चूड उपटून, फुटवे अलगद वेगळे करून चिखलात लावीत होते. सगळे डबे रिकामे झाले.

“समदंच लावलं?” पारूमावशी दचकल्या. “वैनीचं बियानं हाय ते. एक डबा तरी ठेवायचा व्हता.”

तेव्हा मला त्या मिठाचे कारण समजले. आबांची पत्नी घाटाखालची, खाडीकाठची. तिकडे खाऱ्या जमिनीत तगणारे तांबडे भात होते. लग्नात तिने त्याचे गाडगेभर बी आणले होते. ती जाऊन बरीच वर्षे झाली. तिच्या माहेरी खाचरांवर भराव पडून गाळे उभे राहिले, आणि ते भात पृथ्वीवर कोठे उरले असेल तर आबांच्या ओट्यावर.

“हितल्या गोड पान्यात ते मीठ इसरलं असतं,” आबा चिखलाकडे पाहत म्हणाले. “मंग मी तिचं काय सांबाळलं?”

“आन् मेलं तर?” पारूमावशींनी विचारले.

आबा ‘चिमटीनं’ म्हणाले नाहीत. वाकून त्यांनी शेवटच्या चुडाभोवतीचा चिखल दाबला.

पुढे रोज सकाळी ते बांधावर बसलेले दिसत. रोपे पिवळी पडली. मीही कचेरीला जाताना वाट वाकडी करू लागलो. मग एके दिवशी पिवळ्या चुडातून हिरवे पान वर आलेले आबांनी मला बोटाने दाखविले. त्या दिवशी मला कचेरीत पोहोचण्यास उशीर झाला.

तो कोपरा पिकला. बी बाजूला काढून उरलेल्या तांबड्या तांदळाचा भात पारूमावशींनी रांधला आणि आम्हां दोघांना जेवावयास बोलाविले. मी पहिला घास घेतला. भात अळणी होता. मावशी गडबडीत मीठ घालावयास विसरल्या होत्या.

आबा मान खाली घालून सावकाश जेवत होते. मध्येच त्यांनी उपरण्याने डोळे, मग मिशी पुसली आणि म्हणाले, “पारू, मीठ बरुबर पडलंय.”

मावशींनी एव्हाना स्वतःच्या ताटातला घास घेतला होता. त्या काही बोलणार, तोच मी त्यांना हाताने थांबविले आणि आणखी भात वाढून घेतला.