एक फरशी अलीकडे

खुर्ची एक फरशी अलीकडे ओढायची, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कुणाचं काय वाईट होणार होतं? (माझं झालं. सांगतोच.)

फुप्फुसांच्या दुखण्याने मी कित्येक महिने अंथरुणाला खिळलो होतो. बरा झालो, पण पायांना ती बातमी पोचली नव्हती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोज थोडं चालायचं, हळूहळू वाढवायचं. घाई केलीत तर पुन्हा आडवे व्हाल." म्हणून आमच्या मजल्यावरच्या लांबलचक पॅसेजमध्ये एक खुर्ची ठेवली. दारातून निघायचं, खुर्चीवर टेकायचं, परत यायचं.

मला त्या खुर्चीचं काय कौतुक! मला बायकोबरोबर पुलापर्यंत फिरायला जायचं होतं. आजारापूर्वी आम्ही रोज संध्याकाळी जायचो. ती सबंध रस्ताभर बोलायची आणि मी "हं" म्हणायचो. आता ती एकटी जायची आणि मी खिडकीतून तिची पाठ बघत बसायचो. ती वळणापाशी दिसेनाशी झाली की घर खायला उठायचं. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाने बोलू नये, पण त्या "हं"साठी माझा जीव तुटायचा.

प्रगती मात्र शून्य. खुर्ची गाठेपर्यंत रोज छातीचा भाता व्हायचा, कालच्यापेक्षा आज जास्तच. आजार उलटतोय, अशी माझी खात्री झाली. बायकोला कळलं तर ती हाय खाईल, म्हणून ती आंघोळीला गेली की मी गुपचूप खुर्ची एक फरशी अलीकडे ओढू लागलो. तरी दुसऱ्या दिवशी दम लागायचा तो लागायचाच! म्हणजे दुखणं रोज एकेका फरशीने वाढतंय, असं मी शास्त्रशुद्ध अनुमान काढलं.

"आज कसं वाटलं?" ती विचारायची.

"अगदी मजेत," मी धापा टाकत सांगायचो.

महिन्याभराने बाई बघायला आल्या. बायको ऐटीत म्हणाली, "आता जिन्यापर्यंत पोचलेच असतील!" तिघं पॅसेजमध्ये गेलो. खुर्ची शेजाऱ्यांच्या चपलांच्या कपाटापाशी, जवळजवळ पहिल्या दिवशीच्याच जागी.

"असं कसं?" बायको चक्रावली. "मी रोज सकाळी एक फरशी पुढे सरकवतेय! मला वाटायचं, पॅसेजच लांब आहे."

"तू सरकवतेस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"बाईच म्हणाल्या, सांगितलं तर धास्ती घेतील. पण मग अलीकडे कोण आणतंय?"

मी छताकडे पाहिलं. (छताला काहीही झालं नव्हतं.)

बाई तोंडाला पदर लावून निघून गेल्या. बायको हसली नाही. "रोज पुलावर उभी राहून मनाशी म्हणायचे, आज हे एका फरशीने जवळ आले. आणि तुम्ही हे उद्योग करत होतात?" तिचे डोळे भरून आले. चपला अडकवून ती तडक खाली उतरली.

तिला असं एकटीला जाऊ देववेना. कठडा धरून जिना उतरलो, फाटक ओलांडलं आणि "अगं, ऐक तरी!" करत थेट वळण गाठलं.

ती वळली. "अहो, तुम्ही चालत आलात?"

"हं," मी म्हणालो.

तिने माझा दंड घट्ट धरला. पूल अजून बराच लांब होता, पण मला तेवढ्यात सगळं मिळालं. मग गुडघ्यांना आपण कुठे आलोय ते समजलं आणि मी मटकन खाली बसलो. महिनाभर जेमतेम कपाटापर्यंतचा सराव केलेला गडी मी!

शेवटी भाजीवाल्याच्या हातगाडीवर कोबी सरकवून माझी सोय झाली. गाडी घराकडे निघाली. बायको शेजारून चालत होती, माझा हात हातात धरून आणि तोंडाने अखंड बोलत. मी कोबीला टेकून "हं, हं" म्हणत होतो. इतकं सुख बऱ्याच दिवसांत लाभलं नव्हतं.

तेवढ्यात एका बाईंनी पिशवी उघडून गाडी थांबवली. "ताजं आहे ना?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "नाही हो, शिळं आहे. आणि माझं घेऊन झालंय."

बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं, "दिसतंयच," म्हणाल्या आणि पुढच्या गाडीकडे गेल्या.