सेलेदोन नावाचं गुपित

गुरुवारी सकाळी ओविदियाबाई स्टुलावर चढल्या आणि शिलाईच्या दुकानाच्या पाटीवरचं आपलं शेवटचं आडनाव त्यांनी हिरव्या रंगानं पुसून टाकलं. 'ओविदिया किरोस सेलेदोन, शाळेचे गणवेश शिवून मिळतील' अशी ती पाटी होती. आता किरोसच्या पुढे नुसता हिरवा डाग उरला.

"अगं, हे काय चाललंय?" खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या नवऱ्यानं, एवेलिओंनी विचारलं.

"सिक्युरिटी," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

दर बुधवारी नगरपालिकेच्या सभागृहात इंग्रजीचा मोफत वर्ग भरायचा. अठ्ठावन्न वर्षांच्या ओविदियाबाई तिथल्या सगळ्यांत मोठ्या विद्यार्थिनी, आणि त्यांच्या मते सगळ्यांत हुशारही. या आठवड्याचा धडा ऑनलाइन फसवणुकीवर होता. फिशिंग, स्कॅम, पासवर्ड हे सगळे शब्द बाईंनी कापडाच्या तुकड्यांवर खडूनं लिहून पाठ केले, दहापैकी दहा गुण मिळवले आणि तो कागद शिलाई मशीनच्या वर टाचणीनं लावला. धड्यात एक वाक्य होतं: आईचं आडनाव कुणालाही सांगू नका, बँक त्यावरून तुमची ओळख पटवते. ज्यानं हे पुस्तक लिहिलं त्याच्या देशात लग्न झालं की आईचं आडनाव गडप होत असावं. आमच्या कोस्टा रिकात प्रत्येकाला दोन आडनावं, आधी बापाचं, मग आईचं, आणि ती दुकानाच्या पाटीपासून थडग्यापर्यंत सगळीकडे ठळक लिहिलेली.

"म्हणजे अख्खा देश उघडा पडलाय!" बाई म्हणाल्या. "आणि कुणाला पत्ता नाही!"

"पण तुझ्या आईला सगळं गाव ओळखतं. सेलेदोनबाईंचे केळीच्या पानात उकडलेले तमाल म्हटलं की..."

"हळू बोला!"

शुक्रवारी बाई तपासणीचा रिपोर्ट आणायला दवाखान्यात गेल्या.

"पूर्ण नाव?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"ओविदिया किरोस."

"दुसरं आडनाव?"

"ते सांगता येणार नाही."

"बरं, ओळखपत्राचा नंबर?"

बाई हसल्या. "हे असंच सुरू होतं. आधी नाव, मग नंबर. मी शिकलेली बाई आहे, बाळा."

"अहो ओविदियाबाई, या नावाच्या दोघी आहेत इथं!"

"असतील. मी त्यातली एक."

मागे रांग ओरडायला लागली होती. कारकुनानं हाताला लागलं ते पाकीट दिलं. घरी एवेलिओंनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं. अभिनंदन, गर्भ अकरा आठवड्यांचा, सर्व ठीक.

त्रेसष्ट वर्षांच्या एवेलिओंनी ते तीन वेळा वाचलं. मग केस विंचरले आणि गरज नसताना सलूनमध्ये गेले. छाती इतकी फुगली होती की शर्टाचं एक बटण वाटेतच तुटलं. दुपारपर्यंत शेजारणी बाळाची टोपडी घेऊन दारात हजर.

"हा स्कॅम आहे!" ओविदियाबाई ओरडत होत्या, पण ऐकतंय कोण?

तेवढ्यात चोवीस वर्षांची एक मुलगी रडत आत शिरली. "ओविदियाबाई, मी ओविदिया किरोस बारांतेस. माझी हाडं ठिसूळ झालीत म्हणे! आता बाळाला उचलू कशी?"

कागदांची अदलाबदल झाली. मुलगी हसत गेली. त्यानंतर बरेच दिवस एवेलिओ सलूनच्या रस्त्यानं फिरकले नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच संध्याकाळी बाळाची बातमी ऐकून बाईंची आई, त्र्याऐंशी वर्षांची एर्मिनिया सेलेदोन, कोंबडीच्या सूपचं पातेलं घेऊन लगबगीनं आली आणि पाटीखाली थबकली.

"माझं नाव कुठं गेलं?"

"आई, ते गुपित आहे. बँक विचारते ना..."

"बँकेला विचारायचं तर मला विचार म्हणावं, मी काय मेले?" म्हातारीनं पातेलं खाली ठेवलं. "तुझा बाप केळीच्या मळ्यात कामाला गेला, तो परत आला नाही. त्याचं नाव ठेवलंस. मी लोकांचे कपडे धुऊन तुला वाढवलं, आणि माझं पुसलंस? चोरी केली होती का मी?"

ओविदियाबाईंनी मान वर करून पाटीवरच्या हिरव्या डागाकडे पाहिलं.

"उद्या तुझ्या सर्टिफिकेटला मी येणार नाही," म्हातारी म्हणाली. पातेलं मात्र ठेवून गेली.

त्या सर्टिफिकेटची बाईंनी वर्षभर वाट पाहिली होती. आईनं पहिल्या रांगेत बसावं म्हणून तिला निळा फ्रॉकही शिवला होता. शनिवारी सभागृह भरलं आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी राहिली.

"ओविदिया किरोस!" तरुण मास्तरांनी पुकारा केला.

बाई मंचावर चढल्या, वळल्या, आणि त्यांना मागच्या दारात निळा फ्रॉक दिसला. म्हातारी पर्स छातीशी धरून उभी होती, आत यायला तयार नव्हती. त्यांनी मास्तरांच्या हातातला माइक काढून घेतला.

"माय मदर्स सरनेम इज सेलेदोन!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. चारचौघांत बोललेलं त्यांचं पहिलं इंग्रजी वाक्य. मग आपल्या भाषेत, "एर्मिनिया सेलेदोन. ती बघा, मागे उभी आहे. तिचं नाव घातल्याशिवाय मी हा कागद घेणार नाही."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मास्तरांनी तिथंच पेन काढलं.

"काय म्हणाली रे ती इंग्रजीत?" म्हातारीनं दारापाशी आलेल्या जावयाला विचारलं.

"बँकेचं गुपित फोडलं, सगळ्या गावासमोर."

"मग तू रडतोस कशाला?" असं म्हणत म्हातारी पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि शेवटपर्यंत मान ताठ ठेवून होती.

सोमवारी पाटी नव्यानं रंगवली, सेलेदोन किरोसपेक्षा मोठ्या अक्षरांत. मग बाई बँकेत गेल्या आणि ओळखीचा प्रश्न बदलून घेतला. नवा प्रश्न आहे, तुमच्या कुत्र्याचं नाव काय?

तेव्हापासून ओविदियाबाई आपल्या कुत्रीला नुसतं "शुक शुक" करतात. म्हातारी मात्र आता रोज सकाळी सूपमधली हाडं घेऊन येते आणि गल्लीच्या टोकापासूनच, मोठ्या अभिमानानं, कुत्रीला पूर्ण नावानं हाक मारते, "कानेला सेलेदोऽऽन!"