कडू कंदाचे दहा गुण

भूक माणसाला जन्मतःच येते. अन्नसुरक्षा मात्र विद्यापीठात जाऊनच शिकावी लागते. हे सत्य विजयाबाईंना सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, म्हणजे तसा उशीरच झाला. तोवर त्या खानवेलजवळच्या आपल्या पाड्यावर कसलीही पात्रता नसताना जेवत होत्या.

बावीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली होती. आता सुपरवायझरची जागा निघाली होती आणि तिला ‘आदिवासी अन्नसुरक्षा’ या विषयातली पदविका लागत होती. एक वर्ष, दर शनिवार-रविवार, सिल्वासाच्या अभ्यासकेंद्रात. वयाची अट सत्तेचाळीस. नापास झालं तर परीक्षा पुन्हा देता येणार होती, जागा मात्र हातची जाणार होती. तेव्हा विजयाबाईंनी लेकीचं जुनं दप्तर झटकलं आणि त्या बसमध्ये चढल्या.

अभ्यासक्रम अत्यंत सखोल होता. वर्गात अकरा विद्यार्थी. पैकी दहांनी नाचणी पाहिली होती ती बिस्किटाच्या पुड्यावर. (अकराव्या विजयाबाई. पहिल्या दिवशी शिपायाने त्यांना “लाभार्थी मागच्या दाराने” असं सांगितलं होतं.) पहिल्या सत्रात अन्नाच्या चौदा व्याख्या झाल्या. दुसऱ्या सत्रात रानभाज्या आल्या, त्या पडद्यावर. वीज गेली की रान संपायचं. दुपारी सगळे मिळून कॅन्टीनमध्ये नूडल्स खात आणि पारंपरिक आहार लोप पावतोय म्हणून हळहळत.

खरा घोटाळा झाला तो कडू कंदापाशी. हा रानातला कंद नीट केला तर घर जेवतं. नाही तर घसा सोलून निघतो आणि माणूस दिवसभर ओकतो. तो कसा करायचा हे विजयाबाईंनी गृहपाठात चार पानं भरून लिहिलं आणि खाली सुवाच्य अक्षरात संदर्भ दिला: ‘माझी सासू झुंबरबाई.’

समन्वयक श्रीकांत सर मूळचे गुहागरचे, सज्जन, विजयाबाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

“मॅडम, सासू चालत नाही. छापील पाहिजे.”

“सर, ती जिवंत आहे अजून. फोन लावून देते ना.”

“जिवंत तर मुळीच चालत नाही. तुम्ही हा प्रमाण लेख वाचा.”

प्रमाण लेखात लिहिलं होतं: कंदाच्या चकत्या कराव्यात, वीस मिनिटं उकळाव्यात, खाव्यात. माहिती देणारी: ‘स्त्री क्रमांक १७, निरक्षर, वय अंदाजे सत्तर, खानवेल परिसर.’ या लेखाच्या आधारावर पुढे तेवीस लेख निघाले होते आणि तेवीसही एकमताने वीस मिनिटंच उकळत होते.

घरी येऊन विजयाबाईंनी तो सासूला वाचून दाखवला. म्हातारी खुदकन हसली.

“त्यो चष्मेवाला काय? लय वर्सं झाली. चकत्या उकळल्या नि बोलला, मावशी, पुढं काय? मी बोलले, पुढचं रातभर चालतं, सकाळी सांगते. त्याची पाचची बस होती. गेला.”

“आणि अर्धंच छापलं?”

“जेवढं बघलं तेवढं छापलं. पोरगा खोटं नाय बोलला.”

संशोधनातला हा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगाच. प्रवासभत्त्यात मुक्काम बसत नसेल तर विज्ञान तरी काय करणार!

परीक्षेत प्रश्न आलाच: ‘कडू कंदाची पारंपरिक कृती लिहा. (गुण १०)’ बाकीचे प्रश्न पडद्यावरच्या रानातले असल्याने या दहांवाचून विजयाबाई पास होत नव्हत्या. खरं लिहावं तर शून्य, छापील लिहावं तर नोकरी. पाऊण तास त्या पेन धरून बसल्या. मग स्वतःची लाज वाटत असतानाच त्यांनी कंद वीस मिनिटं उकळला. शेवटी मात्र राहवेना, म्हणून एक ओळ घातलीच: ‘साहेब, हे खाऊ नका.’

नऊ गुण मिळाले. (शेवटचं वाक्य संदर्भहीन असल्याने एक कापला.) विजयाबाई सुपरवायझर झाल्या, आणि त्यांच्या टेबलावर आलेलं पहिलंच परिपत्रक असं होतं: पोषण सप्ताहात सर्व एकतीस अंगणवाड्यांतल्या मुलांना प्रमाण कृतीनुसार कडू कंद द्यावा.

 यातली कितीतरी पोरं विजयाबाईंनी स्वतः वजनकाट्यावर उचलून ठेवलेली. त्याच दिवशी त्यांनी आपलं परिपत्रक काढलं: ‘कंद आदल्या संध्याकाळी करायला घ्यावा. कृती झुंबरबाई सांगतील, सेविकांनी मुक्कामाला यावं.’ वरून विचारणा आली: संदर्भ? विजयाबाईंनी उलट टपाली आपल्याच परिपत्रकाचा जावक क्रमांक कळवला. छापील होता, वर शिक्काही होता. कार्यालयाचं पूर्ण समाधान झालं.

एकतीस सेविका पाड्यावर राहिल्या, सप्ताह पार पडला, एकही मूल ओकलं नाही. वाचक म्हणून आपल्यालाही हायसं वाटलं असेल. त्या रात्रभरात कंदाचं नेमकं काय करतात, हे विचारायचं मात्र आपल्याला अजून सुचलेलं नाही.