तंबोऱ्याची जवारी आणि शिफाचा रोबो

मिरजेत चोर कमी का, असं कुणी विचारलं तर यल्लाप्पा स्वतःच्या छातीकडं बोट दाखवायचा. नाक कुत्र्याचं, नजर घारीची आणि डोकं कुणाचं ते अजून ठरायचं होतं. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यानं दारावर पाटी लावली, 'यल्लाप्पा, खाजगी डिटेक्टिव्ह. तपास गुप्त.' पाटी इतकी गुप्त जागी होती की वर्षभरात ती फक्त पोस्टमनला दिसली.

खरं सांगायचं तर बायको येसूबाई होती तोवर घरात हरवलेलं सगळं तीच शोधून द्यायची. चष्मा, किल्ली, दुसरी चप्पल. ती गेली आणि यल्लाप्पाला स्वतःच शोधायची सवय लागली. सापडत काही नसे, पण वेळ जायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात शेजारच्या बादशहाभाईंची शिफा त्याच्याकडं आली. बादशहाभाई तंबोरे करायचे, पोरगी नववीत.

"काका, माझा रोबो हरवला."

रोबो तिनं भंगारातून केला होता. बुटाच्या पॉलिशचा जुना ब्रश, त्यावर बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर, मोटरच्या दांड्यावर एका बाजूला खोचलेलं खोडरबर. सेल जोडला की खोडरबर वेडंवाकडं फिरायचं, ब्रश थरथरायचा आणि केसांवर उभा राहून झूं झूं करत चालायचा. डोळ्यांच्या जागी शर्टाची दोन बटणं होती.

"सोमवारी विश्रामबागेतल्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन हाय. अब्बा म्हणाले, तिथं चालला तर तारा जोडायची सोल्डरिंगची इस्त्री तुझी. न्हाई चालला तर कपाटाला कुलूप, परत तारांना हात लावायचा न्हाई."

"मग ही केस लय मोठी," यल्लाप्पा म्हणाला. "पहिला नियम, गुप्तता. अब्बांना सांगायचं न्हाई. अम्मीला तर अजिबात न्हाई. बायकांच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

"मी पण बाईच की."

"तू फिर्यादी हायस. फिर्यादीचं वेगळं असतंय."

यल्लाप्पाचा पहिला निष्कर्ष असा की रोबो स्वतःच पळाला. थरथरणारी वस्तू उताराकडं जाणार, उतार स्टेशनाकडं, आणि मिरज जंक्शनवरून माणूस कुठंही जाऊ शकतो. पडताळा म्हणून त्यानं रस्त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी गटारात गेलं. त्यानं गटारात काठी घालून पाहिली, तेव्हा कुणाची तरी कवळी सापडली. ती त्यानं पुरावा म्हणून ठेवून घेतली.

दुसरा निष्कर्ष, विश्रामबागेतल्या हुशार पोरांचा कट. तो फुगेवाल्याच्या वेषात तिथल्या शाळेबाहेर उभा राहिला. वेष इतका बेमालूम की सगळे फुगे खपले. तपास राहिला.

तिसरा निष्कर्ष उंदीर. ब्रशाला पॉलिशचा वास, पॉलिश काळं, उंदीर काळा. याच्यापुढं विचार करायची त्याला गरज वाटली नाही.

दररोज तो बादशहाभाईंच्या घरी जाऊन 'सहज आलो' म्हणायचा. शिफाची अम्मी, सुगराभाभी, चहा द्यायच्या. तो कपाच्या कडेवरून घरभर संशयानं बघायचा.

"यल्लाप्पा, कायतरी हरवल्यागत बघायलाय तुमी," भाभी एकदा म्हणाल्या.

"न्हाई न्हाई. आमची नजरच तशी."

इकडं बादशहाभाई वेगळ्याच आनंदात होते. साताऱ्याच्या हरणाबाई गाणं शिकवायच्या. त्यांचा तंबोरा दुरुस्तीला होता. भोपळ्यावरची तबली, म्हणजे त्याचं लाकडी झाकण, सुटली होती, ती भाईंनी परत चिकटवून तारा चढवल्या होत्या आणि दार लावून जवारी काढायला बसले होते. जवारी म्हणजे तारेचा तो गोड झणकार. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा सरकवत बसावं लागतं, आणि त्या वेळी भाई कुणालाही आत येऊ देत नसत. या खेपेला तंबोरा आडवा घेतला की असा झणकार उठे, की भाई स्वतःच दचकत. तारा थांबल्या तरी तो थांबत नसे.

रविवारी सकाळी हरणाबाई तंबोरा न्यायला आल्या. यल्लाप्पा 'सहज' आलेला होताच, शिफाही दारात उभी होती. बाईंनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला, तार छेडली आणि डोळे मिटले.

"भाई, अशी जवारी मी जन्मात ऐकली नाही!"

"तीस वर्षांचा हात हाय, बाई."

बाईंनी हात उचलला. झूंऽऽ चालूच.

"ह्याला म्हणतात आस, तार सोडली तरी मागं रेंगाळणारा सूर," भाई म्हणाले.

यल्लाप्पानं मान डोलावली. "आसच ही. दुसरं काय असणार?"

शिफाचा चेहरा मात्र पांढरा पडला. एवढ्यात भाभी चहा घेऊन बाहेर आल्या आणि थबकल्या.

"आवं, ही कसली आस? हा तर शिफाचा ब्रश. मीच ठेवला की भोपळ्यात."

"भोपळ्यात?"

"झाडताना खाली असंल ते उघड्या भोपळ्यात टाकायचं, तुमचीच रीत. पटाशी, दोरा, चष्मा सगळं तिथंच असतंय. तुमी न बघता तबली बसवली, त्यात माझा काय गुन्हा?"

"अम्मी, मी आठवडाभर शोधतीया!"

"मग मला विचारायचं न्हाईस व्हय गं?"

शिफानं यल्लाप्पाकडं बघितलं. यल्लाप्पानं छताकडं.

"म्हणजे तंबोरा परत उघडायचा?" हरणाबाईंनी तो छातीशी धरला. "अजिबात नाही. मला हीच जवारी पाहिजे."

भाईंनी तंबोऱ्याकडं बघितलं. एवढं कौतुक त्यांच्या हाताचं कुणी केलं नव्हतं आणि ते निघालं खोडरबराचं. नुसतं 'घेऊन जा' म्हटलं असतं तर साताऱ्यात नाव झालं असतं. शिफा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

भाईंनी बाईंच्या हातून तंबोरा हळूच काढून घेतला. तारा सैल केल्या आणि तबलीच्या सांध्यात पातळ सुरी घातली.

"चार दिवसांनी या, बाई. जवारी काढून ठेवतो. खोडरबराशिवाय."

आत रोबो सरसात कुशीवर चिकटला होता. त्याची एक तार ढिली होती, तंबोरा आडवा झाला की तेवढी सेलला टेकायची. भाईंनी ब्रश अलगद सोडवला, पुसला आणि उलटसुलट करून बराच वेळ पाहिला.

"ही मोटर माझ्या टेपची न्हवं?"

"व्हय, अब्बा."

"टेप असताना एवढी कधी वाजली न्हाई." ते उठले. प्रदर्शन उद्या होतं, पण कपाटातली सोल्डरिंगची इस्त्री त्यांनी आजच काढून तिच्या हातात दिली. "ढिली तार नीट जोड. आणि ही परत मागायची न्हाई मी."

शिफानं तार जोडली, नवा सेल लावला, रोबो जमिनीवर सोडला. झूं झूं करत तो हरणाबाईंच्या पायांना वळसा घालून वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या ढिगात शिरला आणि दिसेनासा झाला.

यल्लाप्पानं दोन्ही हात पसरले. "कुणी जागचं हलायचं न्हाई! माझा पहिला संशय..."

"अम्मी!" शिफानं हाक मारली.