शहाण्या पोराचा दोष

आष्ट्यात टीव्हीशी भांडणारा एकच माणूस होता, आणि गावातले निम्मे टीव्ही दुरुस्त करणाराही तोच. जगूनाना कांबळे.

मी तेव्हा साताऱ्याहून नोकरीसाठी नवीनच आष्ट्याला आले होते. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि नानांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. पहिल्याच गुरुवारी संध्याकाळी तिथून चढा आवाज ऐकू आला. "खोटं. साफ खोटं. असं रडत न्हाई कोन." मला वाटलं, गिऱ्हाइकाशी जुंपली. जाऊन पाहते तर नाना एकटेच. समोर फळीवर सहा टीव्ही, सहाही चालू, आणि सहाही पडद्यांवर एकच मुलगा रडत होता. एकावर तो हिरवा होता, एकावर लांबट, आणि एकावर चित्र फिरत असल्यामुळे त्याचं डोकं खाली आणि पाय वर होते. नाना सगळ्यांना मिळून एकदम झापत होते.

हा मुलगा म्हणजे बंटी. केबल अजून गावात यायची होती, त्यामुळे दर गुरुवारी साडेसातला सबंध आष्टा ही एकच मालिका बघायचा. बंटीची आई पहिल्याच भागात त्याला सोडून निघून गेली होती. तेव्हापासून बंटी घरातल्या वस्तू फोडायचा, ताट भिरकावायचा आणि आईच्या फोटोपुढे गडगडाटात उभा राहून "का गेलीस?" असं विचारायचा. बायका पदराने डोळे पुसायच्या. नाना म्हणायचे, "सेट चांगला हाय. पोरगं बिघडलंय."

नाना पन्नाशी ओलांडलेले, फौजेत पंधरा वर्षं वायरलेसवर काढून आलेले. इस्त्रीचा शर्ट, कातरलेली मिशी. भिंतीवर प्रत्येक पक्कड, प्रत्येक पाना आपापल्या खिळ्याला, आणि त्यामागे खडूने त्याचाच आकार काढलेला, म्हणजे हत्यार जागेवर नसलं तर भिंतच बोंब मारेल. दुरुस्त झालेला टीव्ही ते गुरुवारच्या मालिकेवर तपासल्याशिवाय परत देत नसत. सोमवारी बरा झालेला टीव्हीसुद्धा शुक्रवारपर्यंत मुक्कामाला. एकदा एक ऊसवाले बागायतदार कुरकुरत आले, "नाना, चार दिवस झालं. घरात मंडळी जेवायला वाढंनात." नानांनी मान वर केली नाही. "दोष काय हुता?"

"मुंग्या येत हुत्या."

"मुंग्या गेल्या. आता बंटी दिसतोय. मला इचाराल तर मुंग्याच बऱ्या हुत्या."

दोष काय, हा त्यांचा लाडका प्रश्न. प्रत्येक टीव्हीला ते सुतळीने एक पुठ्ठा बांधायचे. वर लिहिलेलं असायचं दोष, खाली दुरुस्ती. हळूहळू ही पद्धत टीव्हीपुरती राहिली नाही. त्यांची बायको ताराकाकू आमटीत मीठ विसरली की ते शांतपणे म्हणायचे, "दोष, मीठ." काकू म्हणायच्या, "दुरुस्ती, तुमीच घ्या की वरनं." आणि ते मुकाट्याने घ्यायचे. पुढे माझ्या लक्षात आलं की काकूंनी स्वतःहून मीठ कसं झालंय असं विचारलं असतं, तर नानांनी "बरोबर हाय" असंच म्हटलं असतं. दोष ते गमतीत सांगायचे. गांभीर्याने त्यांनी कधी कशालाच नावं ठेवली नाहीत. बंटी सोडून.

बंटीचं प्रकरण त्यांनी मुंबईपर्यंत नेलं. एका रविवारी पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात उभे. "बाई, तुमी मराठीच्या. माज्या लिवण्यात फौजेची हिंदी घुसती. मी सांगतो, तुमी लिवा." मी लिहायला बसले. त्यांनी घसा साफ केला.

"मालिका लिवणाऱ्यांस जय हिंद. दोष एक. मुलगा वस्तू फोडतो. दुरुस्ती. त्याने फोडू नये. उलट फुटक्या वस्तू चिकटवून द्याव्यात. दोष दोन. मुलगा जेवणावर रुसतो. दुरुस्ती. पानात पडेल ते खावे आणि चांगले झाले असे म्हणावे. दोष तीन. मुलगा फार आवाज करतो. दुरुस्ती. आवाज कमी करावा."

मला हसू आवरेना. "नाना, आई टाकून गेल्यावर मूल चिडणारच की."

"चिडायला बाई, मागं कोनतरी हक्काचं उरावं लागतं. एक गेली. दुसरी जाऊ नये म्हून पोरगं गप ऱ्हातं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"पंधरा वर्सं वायरलेसवर हुतो. सेट बंद असणं येगळं आन आवाज दाबून धरणं येगळं. कळतं."

मी पुढे विचारलं नाही. खरं तर मला ते विनोदीच वाटत होतं. साताऱ्याच्या घरी पाठवलेल्या पत्रांत मी नानांच्या कार्डांची नक्कल करून पाठवायचे आणि माझी बहीण पोट धरून हसायची. तीन महिन्यांत अकरा कार्डं गेली. मुंबईहून एक छापील उत्तर आलं: आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. नानांनी त्याला काच लावली आणि दुकानात टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "काम घेतलंय हातात. टाइम लागंल."

बाराव्या कार्डाला मात्र माझं हसू थांबलं.

नाना सांगत होते, "बंटीला शाळेत मारामारी करताना दाखवलं. चूक हाय. असं पोरगं वर्गात सगळ्यात शहाणं असतं. फळा तेच पुसतं. माठ तेच भरतं. बाईंनी मागायच्या आत खडू हातात. दुखलं तर सांगत न्हाई. पेन्सिल हरवली तर सांगत न्हाई, दुसऱ्याची पडल्याली शोधून देतं. बाईंना वाटतं, काय गुणी लेकरू. लिवा."

मी लिहिलं नाही. माझ्या डोळ्यासमोर सहावीतली लता उभी राहिली. फळा पुसणारी, माठ भरणारी, मधल्या सुट्टीत माझा जेवणाचा डबासुद्धा घासून, पुसून टेबलावर आणून ठेवणारी. तिची आई दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती आणि ती चुलतीकडे राहत होती. हे मला माहीत होतं, पण मुख्याध्यापिका बाईंपुढे मी अभिमानाने सांगितलं होतं की लता त्यातून छान सावरली आहे, तिचा म्हणून काही त्रास नाही.

मी नानांना लताबद्दल सांगितलं. त्यांनी कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाले, "उद्या तुमच्या शाळेतला कर्णा दुरुस्त करायला येतो."

"कर्णा बिघडलेला नाही, नाना."

"मग बिघडवून ठेवा."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते पेटी घेऊन हजर. सहावीच्या रिकाम्या वर्गात टेबलावर कर्णा ठेवला आणि स्टुलावर बसले. मी कोणाला बोलावलं नव्हतं, तरी लता आलीच. आधी पाणी आणलं. मग खुर्ची. मग हात पुसायला फडकं.

"पोरी, बस," नाना म्हणाले. ती बाकाच्या अगदी कडेला टेकली, कुठल्याही क्षणी उठता येईल अशी. "नाव?"

"लता."

"तुला काय पायजे, लता?"

"काय न्हाई."

"बरं. काय नको?"

"काय न्हाई."

नानांनी एक स्क्रू काढला. पुन्हा लावला. पुन्हा काढला. "मला घाई न्हाई. मी पेन्शनीत हाय. तू सांगंस्तवर मी ह्यो एकच स्क्रू फिरवणार."

लताने माझ्याकडे चोरून पाहिलं. "बाई हायत हितं."

"बाई ऐकत न्हाईत. बाई खिडकीतनं बगत्यात."

मी मुकाट्याने खिडकीशी जाऊन मैदानाकडे बघायला लागले. बाहेर मुली लंगडी घालत होत्या. मागे स्क्रू फिरत होता. मला वाटलं, घंटा होईल आणि हे असंच राहील. मग मागून आवाज आला, इतका बारीक की मी श्वास रोखला.

"मला बाईंचा डबा घासायचा न्हाई."

"का गं?"

"कंटाळा येतो. लय तेलकट असतो."

मी वळले. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती फक्त तेलाची नव्हती. लताच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. ती उठून उभी राहिली होती, हात मागे बांधून, शिक्षेला उभं राहावं तशी.

"उद्यापासून मी घासेन," मी म्हटलं. "चुकलंच माझं."

ती हलली नाही. अजून काहीतरी व्हायचं राहिलंय अशी ती वाट बघत होती. नाना पेटी आवरत म्हणाले, "बगितलंस का? तू नको म्हनलीस, आन बाई हितंच हायत. कुटं गेल्या न्हाईत."

एवढ्यात घंटा झाली.

लता एका दिवसात बदलली असं मी म्हणणार नाही. आठवडाभर ती माझ्या डब्याकडे चोरासारखी बघायची. पण महिन्याभराने तिने पहिल्यांदा गृहपाठ केला नाही. मग बाकावरच्या जागेसाठी शेजारणीशी भांडली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने भर तासात मला सांगितलं की मी कविता फार हळू वाचते आणि झोप येते. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. "अहो, ती लता बिघडत चाललीय. लक्ष द्या." मी घरी येऊन नानांना सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "रिपोर्ट सही," म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

मालिका उन्हाळ्यात संपली. शेवटच्या भागात बंटीची आई परत येणार, हे गावात सगळ्यांना आधीच कळलं होतं. त्या गुरुवारी गल्लीतली वीसएक माणसं दुकानात आणि दुकानाबाहेर जमली. बंटीची आई बघायची होतीच, पण खरं सांगायचं तर सगळे नाना काय बोलतात ते ऐकायला आले होते. नाना मात्र सुरुवातीपासून गप्प. पडद्यावर रिक्षा थांबली. आई उतरली. बंटीने दारातून पाहिलं, दप्तर टाकलं आणि धावत जाऊन तिला मिठी मारली. बायकांनी डोळे पुसले. मग एकेक करून सगळे नानांकडे वळले.

कोणीतरी म्हणालं, "नाना, दोष?" ते म्हणाले, "न्हाई. आज काय न्हाई." लोक जरा हिरमुसले आणि पांगले. दुकानात मी, ताराकाकू आणि नाना उरलो. काकू टीव्ही बंद करायला उठल्या, तेव्हा नाना फळीकडे बघतच म्हणाले, "पोरगं पळत गेलं. मी गेलो न्हवतो."

काकू होत्या तिथेच थांबल्या.

त्यांनी सांगितलं ते एवढंच. ते सहा वर्षांचे असताना वडील वारले. आईने दुसरं लग्न केलं. नव्या घरात मुलाला जागा नव्हती, म्हणून तिने त्यांना पाटणजवळच्या एका गावी आपल्या बहिणीकडे ठेवलं. मावशी चांगली होती. पण मावशीची चार पोरं होती. नाना त्यांचे कंदील पुसायचे, पाणी भरायचे, मोडलेलं दुरुस्त करायचे. कामाचं पोर कोण बाहेर काढणार, असा त्यांचा हिशेब. आणि ते अकरा वर्षांचे असताना एक दिवस आई आली.

"मी अंगनात लाकडं फोडत हुतो. तिला बगितली. हात धुतलं. तांब्या भरून दिला. म्हनलो, बसा. परक्या बाईला म्हनतो तसं. मी हितं बरा हाय म्हनलो. शाळंत नंबर आलाय म्हनलो. तिनं इचारलं, तुला काय पायजे का? काय न्हाई म्हनलो. ती घटकाभर बसली आन गेली."

"मग?" काकूंनी विचारलं. त्यांच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती आणि त्या हे पहिल्यांदा ऐकत होत्या, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"लय वर्सांनी, मी फौजेतनं रजेवर आलो तवा मावशी बोलली. ती मला न्यायला आली हुती. नवऱ्याला कबूल करून आली हुती. पर पोरगं एवढं शहाणं, एवढं सुखात दिसलं, म्हून तिचं धाडस झालं न्हाई."

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती. काकू शेजारच्या स्टुलावर येऊन बसल्या आणि त्यांनी नानांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. नानांनी तो घेऊ दिला.

"येताना सदरा घेऊन आली हुती," ते म्हणाले. "तिच्या डोळ्यापुढं मी सहा वर्सांचाच हुतो, त्या मापाचा आनला. कोपराच्या वर बाह्या. गळ्यातनं डोकं कसंबसं गेलं. ती इचारत हुती, लहान झाला व्हय रं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई म्हनलो, बाई. बरोबर बसतोय म्हनलो."