तेरावं घर

विल्मार इरिगोयेन सोमवारी सकाळी माते, म्हणजे तिकडचा कडवट पानांचा चहा, पीत बसला होता, तेव्हा समुद्रापारच्या ब्रनो शहरातून, प्रकल्पाचं काम बघणाऱ्या रादकाची मेल आली. मजकूर सभ्य होता. तुमच्या यंत्रावरच्या चाचण्यांचा निकाल सात महिने आलेला नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आला नाही, तर पुढच्या आवृत्तीतून तुमचा प्रोसेसर वगळावा लागेल.

विल्मार पायसांडूच्या पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. एकोणीस वर्षं तो फावल्या वेळात एक लायब्ररी सांभाळत होता. पुस्तकांची नव्हे. कॉम्प्युटरवरचे सगळे प्रोग्राम ज्या पायावर उभे असतात, तो हा कोड. कुणीही फुकट घ्यावा, कुणीही दुरुस्त करावा असा. नव्या, खपाच्या प्रोसेसरांवर तो नीट चालतो का हे पगारी माणसं बघतात. जुन्यांचं बघायला हौशी लोक असतात. विल्मारच्या प्रोसेसरची कंपनी त्याची थोरली मुलगी जन्मायच्या आधीच बुडाली होती आणि त्या प्रोसेसरला जगात एकच हौशी वाली उरला होता, विल्मार. सांभाळणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. निवृत्तीनंतर पोस्टातली त्याच्या नावाची पाटी निघाली, तेव्हापासून आपलं नाव कुठेतरी लिहिलेलं असण्याची ही एकच जागा होती.

यंत्र ठणठणीत आहे, निकाल वेळेत पाठवतो, असं त्यानं रादकाला कळवलं. मग यंत्र, म्हणजे तो प्रोसेसर असलेला जुना कॉम्प्युटर, बघायला तो मागच्या खोलीत गेला. तिथे यंत्राच्या जागी कपड्यांचा स्टँड उभा होता.

बायको, निबिया, स्वयंपाकघरात पीठ मळत होती. तिनं मान वर न करता सांगितलं की एप्रिलमध्ये खोलीला रंग दिला तेव्हा ते एलिदाकडे पाठवलं.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"म्हटलं, ज्या दिवशी विचारशील त्या दिवशी सांगीन," निबिया म्हणाली. "नोव्हेंबर उजाडला."

गेले सात महिने विल्मार रोज 'उद्या चाचण्या लावतो' म्हणत होता.

एलिदा ही निबियाची धाकटी बहीण. तिचं दोन गल्ल्या पलीकडे केसांचं सलून होतं. यंत्र तिथे मागच्या भिंतीला दिवसभर चालू असायचं, कारण त्याच्या पाठीतून गरम वारा येई आणि त्यावर टॉवेल वाळत. एलिदा त्याच्यावर फार खूश होती. ते परत न्यायचा प्रश्नच नव्हता. एक तर त्याचं वजन साठ किलो, आणि दुसरं म्हणजे मधल्या काळात दाराशी केस धुवायचं नवं बेसिन बसवलं होतं. आता त्या फटीतून फार तर एक सडपातळ गिऱ्हाईक जाऊ शकलं असतं. चाचण्या सलूनमध्येच घ्यायच्या ठरल्या. त्यांना चाळीस तास लागणार होते. एलिदानं बजावलं की शनिवारी गुरांच्या डॉक्टरांच्या मुलीचं लग्न आहे, अर्धं गाव केस करून घ्यायला येणार आहे, तर तू कोपऱ्यात बस आणि बायकांच्या मध्ये येऊ नकोस.

बुधवारी सकाळी विल्मारनं चाचण्या सुरू केल्या. गुरुवारी दुपारी एलिदानं दोन ड्रायर एकदम लावले आणि फ्यूज उडाला. यंत्र बंद पडलं, सहा तासांचं काम वाया गेलं. विल्मारचा चेहरा असा झाला की एलिदालाच त्याची दया आली. शुक्रवारपर्यंत एका वेळी एकच ड्रायर, असा तिनं नियम केला. परिणामी ओल्या केसांच्या सहा-सात बायका खुर्च्या घेऊन फुटपाथवर उन्हात बसल्या. बसल्या-बसल्या चौकशा सुरू झाल्या. विल्मारला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी या कामाबद्दल विचारत होतं, त्यामुळे तो गरजेपेक्षा बराच जास्त बोलला. संध्याकाळपर्यंत नवरीची आई दर दहा मिनिटांनी आत डोकावून किती चाचण्या झाल्या ते बघून बाहेर आकडा सांगू लागली होती.

शुक्रवारी सकाळी दहाला निकाल आला. पाच हजार दोनशे अकरा चाचण्या पास, एक नापास. विल्मारनं घड्याळ पाहिलं, तर ब्रनोमध्ये तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. संध्याकाळचे पाच त्यांचे होते, पायसांडूचे नव्हते. हातात तीनच तास होते. यंत्र म्हातारं झालं, दुसरं काय, असं तो पुटपुटला.

शेजारच्या खुर्चीत सुल्मा आरिजागा बसल्या होत्या, केसांना रंग लावून, डोकंभर चकचकीत कागदाच्या पट्ट्या गुंडाळून. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं आणि गाव अजून त्यांना बाईच म्हणे. त्यांनी विचारलं, काय चुकलंय ते दाखव. विल्मार म्हणाला की बाई, हे जरा तांत्रिक आहे.

"ते दिसतंय मला. बरोबर आहे का, एवढंच बघते."

त्यानं स्क्रीन वळवला. बाईंनी चष्मा लावून बराच वेळ वाचलं.

"हा शब्द किती अक्षरांचा?"

"बारा."

"आणि तो ठेवायला घरं किती मागितलीत?"

"बारा."

"शब्द संपला हे कशावरून कळतं?"

"शेवटी एक शून्य ठेवतात, बाई."

"कुठे ठेवणार?"

विल्मारनं कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यानं बाराचे तेरा केले. तेवढा भाग नव्यानं बांधून त्याच्यापुरत्या चाचण्या पुन्हा घ्यायला अडीच तास लागणार होते. एलिदानं कुणी न सांगता तो एक ड्रायर बंद केला आणि पाणी तापवायचा बंबही बंद केला. एक वाजायला आठ मिनिटं असताना त्याही सगळ्या पास झाल्या आणि विल्मारनं निकाल पाठवला. सगळ्यांनी त्याचे गाल चुंबले. त्यानंतर एलिदाचं लक्ष बाईंच्या डोक्याकडे गेलं. पाऊण तास ठेवायचा रंग तीन तास राहिला होता. कागद काढले, तेव्हा केस पिकलेल्या भोपळ्याच्या रंगाचे निघाले. बाईंनी आरशात पाहिलं आणि रुमाल मागितला. कुणाची हसायची हिंमत झाली नाही.

तासाभरात रादकाचं उत्तर आलं. चूक यंत्राची नव्हती. ती अकरा वर्षं सगळ्याच प्रोसेसरांवर होती, ती पकडणारी चाचणी मात्र गेल्याच महिन्यात घातली होती. बाकी ठिकाणी शेजारचं घर योगायोगानं रिकामं असायचं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. तुमचा प्रोसेसर राहील. चूक कुणी शोधली, ते नाव कळवा.

विल्मार ते उत्तर दहा मिनिटं वाचत बसला. स्वतःचं नाव लिहायचा मोह झाला, खोटं कशाला बोला. मग त्यानं बाईंचं नाव लिहिलं. रादकानं लगेच विचारलं की एकाच माणसाच्या भरवशावर काम असणं बरं नव्हे, त्या सोबत येतील का? बाई म्हणाल्या, येईन, शब्दकोड्यांचा मला कंटाळाच आला होता.

यादी वर्णक्रमानं होती. त्यामुळे आरिजागा वर आलं आणि इरिगोयेन खाली. शनिवारी लग्नात, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईंनी विल्मारला नाचातून बाजूला घेतलं आणि पर्समधून वेळापत्रक काढून दिलं: दर सोमवारी सकाळी आठ ते दहा.

"बाई, हे हौसेचं काम आहे," विल्मार म्हणाला.

"हो ना," बाई म्हणाल्या. "मग आठला हौसेनं ये."