गोळी कुठं बसते

गांगुर्डे सरांसमोर गोळी घ्यायची सोय नव्हती. स्टाफरूममध्ये मी डोकेदुखीची गोळी तोंडात टाकली, की हे गृहस्थ चहा खाली ठेवून माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बसायचे. मधूनमधून विचारायचे, "काही होतंय का?" डोकं दुखायचं थांबायचं, पण काळीज धडधडायला लागायचं.

आम्ही दोघं मुलांना औषधशास्त्र शिकवायचो आणि सातपूरला शेजारी राहायचो. जन्मभर गोळ्या शिकवणारा हा माणूस गोळीलाच भ्यायचा. "गोळी पोटात जाते हे सगळ्यांना माहीत असतं," ते म्हणायचे. "आत कुठं बसते, ते कोण बघतं?"

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला कॉलेजात कॉम्प्युटर आला. त्या बिनखिडकीच्या थंड खोलीत चपला काढूनच जायचं. सर आत जाताना नमस्कारही करत असावेत. पडद्यावर हिरव्या रेघांचं प्रथिन, त्यात एक खळगा, आणि त्या खळग्यात औषधाचा रेणू फिरवून फिरवून बसवून बघायचा. नीट बसला का, याचं गणित करायला यंत्राला दिवस दिवस लागायचे. लघवीच्या जंतुसंसर्गावर देतात ते औषध सरांनी धरलं होतं. जंतूच्या प्रथिनात ते घट्ट बसतं आणि जंतू मरतो.

"पण तसलंच प्रथिन आपल्यातही आहे हो," सर आवाज खाली आणून सांगायचे. "तिथं जाऊन बसलं तर?"

"बसत नाही, असं पुस्तकात दिलंय," मी म्हणायचो.

"पुस्तकाला कुठं गोळी घ्यायची असते?"

आणि नेमकं त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, तेच दुखणं झालं. डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली. सरांनी आणलेली गोळ्यांची पट्टी स्वतःच्या खिशात ठेवली. "यंत्राचं उत्तर येऊ दे, मग घे." वहिनी तापाने फणफणलेल्या, कंबर धरून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. आता मात्र मीच घाबरलो. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला तर काय होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गणित संपत आलं आणि लाईट गेली. सगळं पुसलं गेलं. सर काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. मी त्यांना स्कूटरवर घालून घरी आणलं.

"आणा ती गोळी," वहिनी म्हणाल्या. "तुमचं यंत्र सुरू होईपर्यंत मी काही राहत नाही."

सरांनी पट्टी काढली. तिच्यातली एक गोळी आधीच गेलेली होती.

"ही कुणी घेतली?" मी विचारलं.

"मी. सकाळी." सर ओशाळले. "त्यानं काही सिद्ध होत नाही, कळतं मला. पण काही व्हायचंच असेल, तर आधी मला व्हावं."

वहिनींनी गोळी गिळली. सर त्यांचा हात धरून पलंगाच्या कडेला बसले, आणि नेहमीचा प्रश्न त्यांच्या तोंडून फुटेना. शेवटी वहिनींनीच विचारलं, "तुम्हाला काही होतंय का?"

"भीती वाटतेय," सर म्हणाले. हात काही त्यांनी सोडला नाही.